रूप बदलणाऱ्या नायकाची प्रेमकथा माईकसमोर कशी वाचावी

दिवसा माणूस, रात्री बिबट्या, आणि त्याच्या प्रेमात पडलेली मुलगी. अशा कादंबरीचं ऑडिओबुक बहुतेक वेळा एकाच जागी फसतं: नायक जनावर होतो आणि वाचणारा त्याच्यातल्या माणसाला विसरतो. पुढची दहा मिनिटं नुसती गुरगुर ऐकू येते. जिच्यासाठी आपण सात तास ऐकत आलो ती नायिका मग प्रेम कोणावर करते आहे, हेच कळेनासं होतं. म्हणून खालची सगळी तयारी, अगदी माईकच्या अंतरापर्यंत, एकाच गोष्टीसाठी आहे. रूप बदललं तरी आत तोच आहे, हे कानाला कळत राहिलं पाहिजे.

नाशिकमध्ये घरातल्या एका खोलीत, एकट्याने वाचणार असाल असं धरलं आहे. दोघं मिळून वाचणार असाल तर आधी ठरवा की प्रकरणं वाटून घ्यायची (तिच्या तोंडून आलेली ती वाचेल, त्याच्या तोंडून आलेली तो), की प्रत्येक संवाद ज्याचा त्याने म्हणायचा. दुसरा प्रकार ऐकायला रंगतदार होतो, पण एडिटिंगचं काम दुपटीच्या पुढे जातं आणि दोन खोल्यांचा आवाज एकसारखा जुळवताना नाकीनऊ येतात. पहिल्या पुस्तकासाठी प्रकरणं वाटून घेणंच बरं.

मजकूर दुसऱ्याचा असेल तर लेखी परवानगी घेतल्याशिवाय माईक चालू करू नका. छापील पुस्तकाच्या करारात ऑडिओचे हक्क आले आहेत का, हे स्पष्ट विचारा. इंग्रजी कादंबरी मराठीत आणून वाचायची तर भाषांतराचा हक्क वेगळा आणि ध्वनीचा वेगळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि हा कथाप्रकार इतका अलीकडचा आहे की त्यातलं फुकटात वापरण्याजोगं हाती लागणं कठीणच.

आधी वही, मग माईक

पूर्ण कादंबरी एकदा मनात वाचून काढा. प्रकरण वाचत-वाचत रेकॉर्ड करणाऱ्याची पंचाईत ठरलेली: विसाव्या प्रकरणात लेखिका लिहिते, ‘त्याचा नेहमीचा खरखरीत आवाज’, आणि तुम्ही एकोणीस प्रकरणं त्याला मधाळ ठेवलेलं असतं.

वाचताना पहिला प्रश्न विचारा: याचं रूप त्याच्या इच्छेने बदलतं की त्याच्या हातात काहीच नसतं? नाशिककराला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. मारीच सोन्याचं हरीण झाला तो इथल्याच पंचवटीत, आणि तो ठरवून झाला. आवाजात या दोन प्रकारांची वागणूक उलटी असते. इच्छेने बदलणाऱ्याचा श्वास शेवटपर्यंत त्याच्या ताब्यात असतो, वाक्यं पूर्ण होतात, बदल दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतो. ज्याच्यावर रूप चालून येतं त्याचा श्वास आधी बिघडतो, शब्द नंतर. पहिल्या प्रकारच्या नायकाला धापा टाकायला लावल्या की तो दुबळा वाटतो. दुसऱ्याला शांत ठेवलात तर प्रसंगच पडतो.

दुसरी नोंद तू आणि तुम्हीची. आपल्याकडे प्रेम किती पुढे गेलंय हे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्याच्या कितीतरी आधी, ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं तिथेच कळतं. ती पानं शोधून कोपरा दुमडा. आवाजातला मऊपणा त्या वाक्यावर एकदम आणू नका. एक-दोन पानं आधीपासून थोडा-थोडा येऊ द्या, म्हणजे ‘तू’ आलं तेव्हा ऐकणाऱ्याला वाटेल की हे व्हायचंच होतं. काही कथांत रहस्य उघड झाल्यावर ती घाबरून पुन्हा ‘तुम्ही’वर जाते. ते ‘तुम्ही’ पहिल्या भेटीतल्या ‘तुम्ही’पेक्षा थंड असायला हवं.

तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची: नायकाची खूण. त्याच्या बोलण्यातली एकच लकब निवडा, जी शब्दांशिवायही टिकेल. ‘नाही’ म्हणण्याआधी नाकाने सोडलेला छोटा श्वास. किंवा वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग तोंड मिटणं. ही लकब पहिल्या प्रकरणापासून हलक्या हाताने पेरत जा. तो बिबट्या झाल्यावर शब्द जातात, पण नाकाचा तो श्वास राहतो, आणि उसाच्या शेतात नायिका पाठमोरी उभी असताना ऐकणाऱ्याला तिच्याआधी कळतं की मागे कोण आहे. हे एवढं साधलं तर बाकीच्या उणिवा लोक पोटात घालतात.

प्रत्येक पात्राचा १० ते १५ सेकंदांचा नमुना वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि रोज सुरुवातीला मुख्य पात्रांचे ऐका. पुरुष वाचक असाल तर नायिकेसाठी आवाज चढवू नका, स्त्री असाल तर नायकासाठी घसा दाबू नका. पट्टी अर्ध्या सुरापेक्षा जास्त न हलवता गती आणि ठेहराव बदला. ती भराभर बोलते, तो शब्द मोजून, एवढ्यावरही आठ तास निभतात.

उच्चारांची यादी करा. च, ज, झ लिहायला एक आणि म्हणायला दोन असल्यामुळे ‘जरा’ म्हणजे थोडं की ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, हे डोळ्यांनी पटकन कळत नाही. संशय येईल तिथे शब्दाखाली टिंब द्या. कथा नाशिकची असेल तर गोदावरीला इथे सर्रास ‘गंगा’ म्हणतात. ‘ते दोघं गंगेवर भेटले’ हे वाक्य काशीचा घाट असल्यासारखं गंभीर वाचलं की नाशिकच्या ऐकणाऱ्याला हसू येतं. सुरगाणा-पेठकडच्या आजीचं पात्र कोकणी (किनाऱ्यावरची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची बोली) बोलत असेल किंवा सटाण्याचा ट्रकवाला अहिराणीत बोलत असेल, तर ती बोली येणाऱ्या माणसाकडून ते संवाद रेकॉर्ड करून घ्या आणि त्यावरून शिका. येत नसेल तर साध्या मराठीत, त्या माणसाच्या संथपणाने वाचा. नकली गावंढळ हेल हा अपमानच. या पट्ट्यात वाघदेवाची पूजा होते, वाघबारस पाळली जाते. तिथल्या आजीसाठी वाघाचं माणूस होणं ही भयकथा नाही, म्हणून तिच्या तोंडचं ‘तो आपलाच हाय’ घाबरवून म्हणायचं कारण नाही.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, त्यामुळे इंग्रजीचे आकडे इथे चालत नाहीत. कथेचं निवांत वाचन मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्दांनी होतं. तुमचा आकडा काढायला एक हजार शब्द घड्याळ लावून वाचा. १२० धरला तर ६०,००० शब्दांची कादंबरी ८ तास २० मिनिटांची होते. तयार एका तासासाठी माईकसमोर दोन ते अडीच तास जातात आणि एडिटिंग, तपासणी मिळून आणखी तीन-चार. घसा दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त साथ देत नाही. म्हणजे नुसत्या वाचनालाच नऊ-दहा बैठका.

खोली

सिमेंटच्या भिंती आणि लादी असलेली रिकामी खोली सर्वांत वाईट. कपड्यांनी भरलेल्या कपाटाशेजारचा कोपरा घ्या, दोन बाजूंना जाड गोधड्या टांगा, पायाखाली सतरंजी. गोधडी भिंतीला चिकटवू नका, ५ ते १० सेंटिमीटर पुढे टांगली की जास्त आवाज शोषते. लोक माईकच्या मागे गाद्या लावतात आणि स्वतःच्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. माईकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला ऐकू येते ती तुमच्या पाठीमागची भिंत. तिथे आधी लावा. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात दिवस घालवू नका, त्यांचा उपयोग होत नाही.

पण गोधडी खोलीतला घुमारा मारते, बाहेरचा आवाज अडवत नाही. जड, खालच्या पट्टीचे आवाज तर सरळ भिंतीतून येतात. देवळालीच्या बाजूला तोफखान्याचा सराव चालू असला की धप्प असा दाब येतो, ओझरकडे विमानं, गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे संध्याकाळी ढोलपथकांचा सराव. नाशिक ढोलाला गोधडीने अडवणारा अजून जन्माला यायचाय. अशा वेळी थांबायचं, बस. सकाळी घंटागाडी, कुकर आणि भाजीवाल्याचा भोंगा, त्यामुळे कॉलन्यांत दुपारी दोन ते चार किंवा रात्री साडेदहानंतरची वेळ बरी पडते. पंचवटीत राहत असाल तर आरतीच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवा, आणि २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांच्या आसपास कामाची तारीख कोणालाही देऊ नका.

पंखा, एसी, फ्रिज बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावल्यावर बारीक गुणगुण आली तर ती ५० हर्ट्झच्या विजेची आणि घरातल्या कच्च्या अर्थिंगची असते. बांगड्या, पैंजण, घड्याळ उतरवा, सुती कपडे घाला. मग १० सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर पातळी मोजा (तिथे शून्य ही सर्वांत मोठ्या आवाजाची हद्द, म्हणून आकडे उणे). उणे ६० डेसिबलच्या खाली असेल तर खोली चालेल, उणे ६५ असेल तर निवांत.

माईक: कुजबुज हीच परीक्षा

बातमी वाचणाऱ्याला जो माईक पुरतो तो इथे पुरेलच असं नाही, कारण या कथांत निम्मं बोलणं हळू आवाजात असतं. हळू आवाजासाठी गेन (माईकमधून येणारा आवाज किती मोठा करायचा ते बटण) वाढवला की माईकची स्वतःची सूंऽऽ वर येते. खरेदी करताना ‘सेल्फ नॉइज’ हा आकडा बघा, जितका कमी तितका बरा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा तो २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी१ चा ४.५. पहिल्या माईकवर संवाद छान येतात, पण रात्रीच्या छतावरचा प्रसंग सूंऽऽमध्ये बुडतो. शुअर एसएम७बी दिसायला रुबाबदार, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो आणि साध्या इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) तिथे दम निघतो. बजेट कमी असेल तर महाग माईकच्या मागे लागण्यापेक्षा हळू प्रसंग थोडे मोठ्याने वाचायला शिका. ते फुकट आहे.

तोंडापासून माईक १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी), आणि माईक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता २०-३० अंश कलता, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. नेहमीच्या बोलण्याचे उंच ठोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा.

रेकॉर्डिंग ‘पंच अँड रोल’ पद्धतीने करा: चूक झाली की थांबायचं, कर्सर चुकीच्या आधी नेऊन दोन-तीन सेकंद मागचं ऐकायचं आणि त्याच लयीत पुढे वाचायचं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे, ऑडॅसिटीतही जमतं. नुसतं सलग रेकॉर्ड करून चुका नंतर कापत बसलात तर एडिटिंगचा वेळ दुप्पट.

रूप बदलताना

आधी जनावराचा आवाज जाणून घ्या. बिबट्या सिंहासारखी गर्जना करत फिरत नाही. त्याची हाक लाकडावर करवत ओढल्यासारखी असते, श्वास बाहेर आणि आत, दोन्ही वेळा खरखर. त्यात तुमचं निम्मं काम आहे: ती श्वासाची हाक असल्यामुळे माणसाच्या धापेतून तिच्यात सरकता येतं. लांडगा निवडला तर अशी पायरी मिळत नाही, कारण त्याची हाक लांब सुरात असते आणि माणसाच्या गळ्यातून ती फार लवकर विनोदी होते. लांडग्याचं ओरडणं मजकुरातच सांगितलेलं असेल तर ते नुसतं वाचा, करून दाखवू नका. खरा आवाज मिळवायला निफाडच्या उसात रात्री माईक घेऊन जाण्याचं धाडस कोणी करू नये. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे, आणि उसातल्या मादीसोबत बहुधा पिल्लं असतात.

रूपांतराचा प्रसंग एका दमात वाचू नका. तीन थरांत रेकॉर्ड करा. पहिला थर मजकुराचा, नेहमीच्या अंतरावरून, कुठलीही गुरगुर न घालता. इथे फक्त गती बदलते: सुरुवातीची वाक्यं जशीच्या तशी, मग वाक्यातले थांबे अनियमित होत जातात. शब्द चघळायचे नाहीत, शेवटचा शब्दही स्पष्ट ऐकू यायला हवा. दुसरा थर श्वासांचा, १० ते १२ सेंटिमीटरवरून, पाच-सहा वेगवेगळे नमुने. एवढ्या जवळून खर्ज आपोआप वाढतो आणि छाती मोठी झाल्यासारखी वाटते. तिसरा थर गुरगुरीचा, ४० सेंटिमीटरवरून, तोंड माईकपासून बाजूला वळवून आणि गेन कमी करून. गुरगुर घसा आवळून काढलीत तर तिसऱ्या मिनिटाला खोकला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. ती पडजिभेपाशी, गुळणी करताना थरथर होते तिथून, पोटाच्या जोरावर हलका श्वास सोडत काढायची. दोन-तीन सेकंद पुरे. दिवसभराचं वाचन संपल्यावरच हा थर घ्या.

जोडताना श्वास शब्दांच्या मधल्या जागेत ठेवा, शब्दांवर नको. मग एक ते दीड सेकंद पूर्ण थांबा. एवढी शांतता एडिटरला लांब वाटते, पण तिथेच ऐकणारा घाबरतो. त्या शांततेनंतर पहिला आवाज गुरगुरीचा ठेवू नका, नायकाच्या खुणेचा ठेवा. नाकाचा तो छोटा श्वास. मग हवं तर गुरगुर.

पिच खाली खेचणारं सॉफ्टवेअर हाताशी असतंच आणि मोह होतो. शब्दांवर ते वापरू नका. दोन सुरांच्या खाली गेलं की राक्षस नव्हे, बिघडलेली टेप वाटते. गुरगुरीवर एखाद-दुसरा सूर चालतो. त्याआधी प्रकाशकाला विचारा, काहींना ऑडिओबुकात वाचकाच्या आवाजाशिवाय काहीच नको असतं.

बिबट्याच्या नजरेतून लिहिलेल्या परिच्छेदांत चढउतार कमी करा. माणूस अर्थावर जोर देतो. जनावराच्या परिच्छेदात वास, आवाज, ऊब हे सगळं सारख्याच वजनाने आलं पाहिजे. तिचं नाव आलं की तेवढ्यावर किंचित थांबा.

जवळिकीचे प्रसंग

खरी कुजबुज, ज्यात स्वरयंत्र थरथरतच नाही, ती एका प्रसंगात एखाद्या वाक्यापुरतीच ठेवा. बाकी सगळं अर्ध्या आवाजात. कारण हिशेबाचं आहे: कुजबुजीचं प्रकरण इतरांच्या पातळीला आणायला १० डेसिबल वाढवलंत तर उणे ६५ ची खोली उणे ५५ होते आणि फाईल परत येते.

चुंबनाचे, उसाशांचे आवाज काढू नका. हेडफोन लावून सिटी लिंक बसमध्ये बसलेला माणूस त्याने प्रेमात पडत नाही, लाजतो. गती मात्र कमी करा आणि वाक्याचा शेवट खाली पडू देऊ नका. आपल्या भाषेत या प्रसंगांचे शब्द एकतर पोथीतले असतात नाहीतर शिवीतले. वाचताना एखादा शब्द अडखळवत असेल तर स्वतःहून बदलू नका, लेखिकेला आधी यादी पाठवून पर्याय मागा. प्रौढांसाठीचा मजकूर असेल तर फाईलच्या माहितीत १८ वर्षांवरील असं न विसरता लिहा.

घसा

साधं पाणी, घोट-घोट, बैठकीच्या तासभर आधीपासून. दुधाच्या चहाने पुष्कळांच्या तोंडात चिकटा येतो आणि प्रत्येक शब्दाआधी टकटक ऐकू येते. हिरव्या सफरचंदाच्या दोन फोडींनी ती कमी होते. सकाळी मिसळ हाणून माईकसमोर बसायचं नाही. तर्रीची जळजळ घशाशी येते, आणि पोटाची गुडगुड प्रेमप्रसंगात हमखास सापडते. डिसेंबर-जानेवारीत इथली कोरडी थंडी घसा वाळवते, तेव्हा दर वीस मिनिटांनी थांबा.

एडिटिंग आणि शेवटची मापं

८० हर्ट्झच्या खालचं कापा. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा) हलका, २:१ ते ३:१. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नका, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तुम्ही मेहनतीने घेतलेले श्वासच तो आधी खातो. स्वयंचलित ‘ब्रेथ रिमूव्हर’ या पुस्तकावर चालवूच नका. दुसऱ्या कोणत्याही कथेत तो वेळ वाचवतो, इथे तो नायकाची खूण पुसून टाकेल.

प्रकाशकाने स्वतःची मापं दिली असतील तर तीच. नसतील तर अमेरिकेतल्या एसीएक्सची (ऑडिबलसाठी ऑडिओबुकं घेणाऱ्या व्यासपीठाची) धरा: सरासरी पातळी आरएमएसमध्ये उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत उंच ठोका उणे ३ च्या आत, शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली, १९२ केबीपीएस स्थिर दराची एमपी३, एका फाईलला एक प्रकरण आणि १२० मिनिटांची मर्यादा. फाईलच्या सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी एक ते पाच सेकंद खोलीची शांतता ठेवा. पूर्ण निःशब्द ठेवू नका, कानाला ती जागा तुटल्यासारखी वाटते.

मूळ मजकूर समोर ठेवून दुसऱ्या माणसाकडून सगळं ऐकून घ्या. स्वतःच्या चुका स्वतःला ऐकू येत नाहीत, विशेषतः गाळलेलं ‘नाही’. दुरुस्त्या त्याच वेळी, त्याच अंतरावरून, त्याच खोलीत घ्या. सकाळचा घसा आणि रात्रीचा घसा एका वाक्यात जोडला की सांधा दिसतो.

जाहिरातीचा नमुना एक ते पाच मिनिटांचा. त्यात उघडे प्रसंग नकोत, आणि रूपांतरही नको, कारण ते पहिल्यांदा कथेतच ऐकू यावं. दोघांचा एखादा साधा, खट्याळ संवाद निवडा ज्यात दोन्ही आवाज येतात आणि नायकाची ती लकब निदान दोनदा ऐकू येते.